झाकणाखालची जागा

६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

“ह्याच्यात सकाळची शाळा मावते, दुपारची मी डोक्यात ठेवते,” असं आई तिच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाली होती. मी तेव्हा तिच्या खुर्चीमागे उभी राहून माझी पेन्सिल परत मागत होते. तुझं पार्सल उघडून ते मेमरी कार्ड हातात घेतलं आणि पहिल्यांदा हेच वाक्य आठवलं. केवढीशी ती पट्टी! माझ्या तळहातावर मावते. दुपारच्या शाळेचे सगळे वर्ग, सगळे मास्तर, कोण रजेवर आहे, कुणाला पहिला तास नको आहे, हे सगळं एवढ्याशा तुकड्यात बसलं असतं आणि आईचं डोकं जरा रिकामं झालं असतं.

पत्र का लिहिते ते तुला ठाऊक आहे. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. कागदावर निदान एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याला गप्प बसावं लागतं.

तर तुझ्या हुकमाप्रमाणे आईचा कॉम्प्युटर काल कपाटावरून खाली काढला. तू नुसता जुन्या कॉम्प्युटरांच्या प्रदर्शनातून कार्ड विकत घेऊन मोकळा झालास, बाकीची घाण माझ्या वाट्याला. दादा, ती घाण साधी नाही. धूळ असती तर पुसली असती. कव्हर काढलं तर झुरळांच्या लेंड्या, फुटलेली अंडी, एक अख्खं वाळलेलं झुरळ स्पेसबारला टेकून झोपल्यासारखं. ते सगळं सहन केलं. पण मशीनच्या अंगावर जो तपकिरी चिकट थर आहे ना, तो बोटाला लागला आणि मी बेसिनपाशी धावले. तो धुराचा थर आहे. वर्षानुवर्षांच्या सिगारेटींचा. साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांना वास येत होता. मी दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे हाताळते, कवळ्या घासते, त्यात अडकलेलं काय काय काढते. त्याचं मला कधी काही वाटत नाही. काल मशीन तसंच टाकून उठले.

कार्ड जिथे बसवायचं ती जागा कीबोर्डच्या उजव्या हाताला, वर, एका चपट्या झाकणाखाली आहे, असं तुझ्या चित्रात दिसतं. ते झाकण त्या चिकट्याने असं धरून बसलंय की नख घालायची हिंमत झाली नाही. मशीनच्या खोक्यात आईच्या पेन्सिलीही सापडल्या. खरं म्हणजे माझ्या पेन्सिली, तिने चावलेल्या. तिचा समोरचा दात अर्धा तुटलेला होता, म्हणून तिच्या चाव्यात एका बाजूला खोल खूण आणि शेजारी मोकळी जागा. शाळेत माझी पेन्सिल कुणी ढापली तर मी तेवढ्यावरून ओळखायचे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तू आणि वहिनी पुलाच्या कामावर राहायला जाणार, तिथे पत्र्याच्या खोल्या, डॉक्टर नाही, म्हणून बाबांनी आता तुझ्याकडून माझ्याकडे राहायला यावं का असं तू विचारतोस. माझं उत्तर नाही.

तू वसतिगृहात होतास, म्हणून तुला सगळं सोपं वाटतं. आईला खोकला लागला तेव्हा बाबांनी आमच्या देखत सिगारेट सोडली होती. पाकीट चुरगाळून केरात टाकलं होतं. आणि तरी मी शाळेतून आले की आईच्या कामाच्या खोलीत वास. बाबांची रात्रपाळी असली की ते दिवसभर घरातच असायचे. मी त्यांच्या कोटाचे खिसे तपासायचे. एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाले, हो, ओढली, पुन्हा नाही ओढणार. आईने कीबोर्डवरून मान वर केली नाही, नुसती खोकत राहिली. नंतर पुन्हा वास. पुन्हा मी विचारलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी मी विचारायचं सोडलं, आणि बोलायचंही.

असंच कार्ड तिला आणून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. एका रविवारी मशीन पुढ्यात ओढलं, कार्डाची जागा बघायला झाकण उघडलं, मी टेबलाच्या पलीकडे अभ्यास करत होते. बराच वेळ आत बघत राहिले, झाकण लावलं आणि म्हणाले, “बसणार नाही.” जन्मभर लिफ्टच्या पोटात हात घालून बसलेला माणूस, आणि त्याला एक पट्टी बसवता येईना! पैसे सोडवत नव्हते, दुसरं काय!

ती गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी त्यांना म्हटलं की तुमच्या धुराने गेली ती. त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात लावला, तो हलतोय का ते पाहिलं, आणि खाली उतरून गेले. अशा माणसाला मी माझ्या घरात रोज सकाळी चहा कसा देऊ? तूच सांग.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, या पत्रानंतर उरला तर वाढवावा.
तुझी,
नकटी

*

१५ जानेवारी

चि. नकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने आधी वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी असं ठेवलं की माझं जेवण उडालं. नावाची नकटी आहेस, पण नाक तुझंच सगळ्यांत तिखट. लहानपणी दूध नासण्याआधी तुला वास यायचा.

आधी कार्डाचं सांगतो. मशीनचा प्लग काढलेला असू दे. हात घालण्याआधी नळाला किंवा कुठल्याही लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज निघून जाईल. आतल्या खाचेतली पितळी टोकं काळवंडली असतील, ती स्पिरिटच्या बोळ्याने पूस. कार्डाची कड साध्या खोडरबराने हलकेच घास. जुन्या कार्डांवर एक बॅटरी असते, ती फुटून हिरवा चिखल करते. मी ती आधीच काढून टाकली आहे. कार्ड सरळ धर, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दे, कट्‌ आवाज आला की बसलं. एका बाजूने ढकललंस तर पिना वाकतील आणि मला दुसरं कार्ड या जन्मी मिळणार नाही. चालू केल्यावर कुजक्या माशासारखा वास आला तर ताबडतोब बटण बंद कर. तो धूर नसतो, आतले जुने भाग पाझरायला लागलेले असतात. तुझं नाक आहेच.

मला काय हवंय ते तुला माहीत आहे. आईचा तो वेळापत्रकाचा प्रोग्रॅम एकदा, एकदाच, मधे न थांबता शेवटपर्यंत चालताना पाहायचाय. तिने तो स्वतः पुस्तकं वाचून लिहिला. शाळेच्या कचेरीतली कारकून बाई, आणि हेडमास्तर तिच्या मागे कागद घेऊन उभे राहायचे. अर्धी शाळा पडद्यावर, अर्धी तिच्या कपाळावर.

बाबांचं. मी तुझ्याशी भांडणार नाही, कागदावर तर नाहीच. पण दोन गोष्टी सांगतो. त्यांची कवळी आता ढिली झाली आहे, जेवताना टक्‌टक्‌ वाजते. तुला आठवत असेल, मशीन घरात यायच्या आधीच लिफ्टचं हँडल उलटं फिरून त्यांच्या वरच्या दातांची पार वाट लागली, तेव्हापासून ते कवळीच लावतात. घरात कवळ्या करणारी लेक असताना माणूस चार चौघांत दात काढून खिशात ठेवतो, हे बघवत नाही. तुझ्याकडे राहायला नाही तर नाही, निदान एक कवळी करून दे.

दुसरी गोष्ट विचित्र आहे. नकटी आईचं मशीन उघडतेय, कार्ड बसवतेय, असं मी त्यांना कौतुकाने सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं की तिला उघडायला कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी. मग जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मला तुझा पत्ता विचारला. तुझा पत्ता त्यांना पाठ आहे हे मला माहीत आहे. बहुतेक लिहायला धीर हवा होता.

राग आला तर माझ्यावर काढ, कार्डावर काढू नकोस.
तुझा,
दादा

*

१७ जानेवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू मशीन दुरुस्त करते आहेस असे दादाकडून समजले. ते उघडू नये. त्यात आता काही राहिलेले नाही. जुन्या मशीनच्या आत बरेच काही साठलेले असते, ते श्वासावाटे जाते. तुझ्या प्रकृतीला चांगले नाही. भंगारवाल्याला बोलावून आहे तसे देऊन टाकावे. उजव्या बाजूचे झाकण तर मुळीच उघडू नये, ते तुटेल.

मी तुझ्याकडे राहायला येणार नाही, त्याची तू काळजी करू नये. दादाला मी तसे सांगितले आहे. वृद्धाश्रमात चौकशी केली आहे. तिथली लिफ्ट जुनी आहे पण देखभाल बरी दिसते.

तुझ्या घराच्या जिन्यातला दिवा गेला होता असे दादा मागे म्हणाला होता. तो लावून घेतलास का?

तुझे,
बाबा

*

२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी झाकण उघडलं.

बाबांचं पत्र आलं नसतं तर कदाचित आणखी महिनाभर ते मशीन टेबलावर तसंच पडलं असतं. उघडू नकोस म्हणाले, म्हणून उघडलं. इतक्या वर्षांनी त्यांनी मला पत्र लिहिलं आणि त्यात दोनदा तेच: उघडू नये. मला वाटलं, आत काही तोडलं असेल, वायर कापली असेल, म्हणून तेव्हा कार्ड बसेना झालं.

कवळ्यांच्या कामातली मेणाची सुरी तापवून कडेने फिरवली. तो चिकटा वितळून सुरीला लागला तेव्हा खोलीत जो वास सुटला त्यासरशी मी आईच्या खोलीत, दप्तर पाठीवर घेऊन, दारात उभी होते. मग झाकण उचकटलं.

सिगारेटची थोटकं, दादा. ओंजळभर थोटकं. एकमेकांत रुतलेली, राखेत माखलेली, तपकिरी होऊन पाक झाल्यासारखी चिकटलेली, मधे झुरळाचे पाय. कार्डाच्या जागी. जी जागा आईसाठी भरायची होती, तिच्यात. मी ओकले. लिहिताना लाज वाटत नाही, खरंच ओकले, बेसिनपर्यंत पोहोचलेसुद्धा नाही.

आणि एवढ्याने भागलं नाही. थोटकांच्या खाली पत्र्याचा एक ट्रे आहे. त्या खाचेच्या मापाचा, केसभरही इकडे तिकडे नाही असा. चारही कोपरे आत दुमडून ठोकलेले, कड बोटाला लागू नये म्हणून वळवलेली. ते कोपरे कुणाच्या हातचे आहेत ते तुला सांगायला नको. आपल्या कंपासपेटीचं झाकण, आईच्या सुयांचा डबा, सगळ्याला तेच कोपरे. म्हणजे बघ: बायको खोकतेय, सगळ्यांसमोर सिगारेट सोडल्याचं नाटक झालंय, आणि हा माणूस फुटपट्टीने माप घेऊन, पत्रा कापून, तिच्याच मशीनमध्ये स्वतःसाठी ॲशट्रे बनवतो. निवांतपणे. कोपरे ठोकून. तिच्या उजव्या हाताशी! ती टाइप करताना तिच्या मनगटाशेजारी ती घाण असायची आणि तिला पत्ताही नसेल. मी चिडले असते तर बरं झालं असतं, दादा. मला नुसती शिसारी आली. त्यांच्या हाताची, त्या नीटनेटकेपणाची.

“बसणार नाही” म्हणाले होते. कसं बसेल? जागा भरलेली होती.

ट्रे चिमट्याने उचलून पिशवीत बांधून गॅलरीत ठेवला आहे. टाकलेला नाही. त्यांनी कधी नाकारलं तर समोर ठेवायला हवा. कवळीचं तू लिहिलंस. मी कुणाच्याही तोंडात हात घालते, तो माझा धंदा आहे. त्या तोंडात घालणार नाही.

हे पत्र तू त्यांना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही. दाखवच.

तुझ्यावर राग नाही, तेवढा लोभ शिल्लक ठेवला आहे.
तुझी,
नकटी

*

११ फेब्रुवारी

चि. नकटीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. सगळं नाही, ओकारीचं गाळलं.

ते खुर्चीत बसले होते, बुटांना पॉलिश करत. मी विचारलं की हे खरं का. म्हणाले, “माझीच आहेत. तिला म्हणावं, टाकून दे.” मी विचारलं, ट्रेही तुम्हीच केलात? तर म्हणाले, हो, मीच केला. आणि मग मला काय विचारावं त्यांनी? पत्र्याला गंज चढलाय का. मी खोलीतून उठून गेलो. मी आजवर त्यांची बाजू घेत आलो, तुझं बोलणं अर्धं तुझ्या स्वभावाच्या खात्यात टाकत आलो. आता त्यांच्यासमोर जेवायला बसलो की ती कवळी टक्‌टक्‌ वाजते आणि माझ्याने घास गिळवत नाही. वहिनी म्हणते, म्हाताऱ्या माणसाशी असं वागू नये. मी काही वागत नाही, बोलतच नाही. आपल्या घरात ते बरंच झालेलं आहे.

महिनाअखेरीस ते वृद्धाश्रमात जातील. कागद झाले. त्यांची बॅग त्यांनीच भरून दाराशी ठेवली आहे, अजून इतके दिवस असताना. वर स्क्रूड्रायव्हरांचा डबा. मी म्हटलं, तिथे हे कशाला. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

कार्ड बसव किंवा बसवू नकोस, मला आता त्यात काही रस उरलेला नाही. आईचा प्रोग्रॅम त्या घाणीशेजारी चालायचा, हे कळल्यावर तो पाहायची इच्छाच मेली. तुझी इच्छा असेल तर कर.

ट्रे टाकून दे. पुरावा कशाला जपायचा? नाकारत कोण आहे?

तब्येतीस जप.
तुझा,
दादा

*

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाच्या पत्रातलं तुमचं विचारणं वाचलं: पत्र्याला गंज चढलाय का. चढलेला नाही. थोटकांखालचा भाग काळा पडला आहे, पण कोपरे शाबूत आहेत. तुम्ही गंजाचं का विचारलंत ते मला दोन दिवस कळत नव्हतं. ज्याला लाज वाटते तो असलं विचारत नाही, आणि ज्याला वाटत नाही तोही विचारत नाही. असलं विचारतो तो कामाचा माणूस, आपण कुणासाठी तरी केलेली वस्तू टिकली का ते बघणारा.

म्हणून ट्रे टाकण्याआधी पिशवी उघडली. कामाच्या टेबलावर जुना कागद पसरला, नाकाला फडकं बांधलं, दिवा जवळ घेतला आणि थोटकं चिमट्याने एकेक सुटी केली. माझा हात थांबत नव्हता, कारण पहिलंच थोटूक सुटलं आणि मला दिसलं की ते चावलेलं आहे. मग दुसरं. सगळीच चावलेली, फिल्टर चपटे झालेले. बाबा, मी चावे बघून पोट भरते. एका बाजूला खोल खूण, शेजारी मोकळी जागा. मी खोक्यातली पेन्सिल आणून बाजूला ठेवली. भिंग लावायची गरजच नव्हती.

तुमच्या तोंडात तेव्हाही कवळी होती. कवळीचा चावा सरळ, एकसारखा उमटतो. त्या ढिगात तसं एकही नाही. तुम्ही खरंच सोडली होतीत. केरात टाकलेलं ते पाकीट शेवटचं होतं.

मला आता तो रविवार दिसतो. तुम्ही कार्डाची जागा बघायला म्हणून झाकण उघडलंत, आत पाहत बसलात, मी समोर भूगोलाचं पुस्तक धरून. झाकण लावलंत आणि “बसणार नाही” म्हणालात. मी त्यावरून तुम्हाला किती वर्षं कंजूष समजत आले! तुम्ही तिला काही म्हटलं नाहीत. ती जागा तिच्यासाठी सोडलीत, आणि खालच्या बोर्डावर ठिणगी पडून मशीन जळू नये म्हणून पत्रा कापून आणलात. पुढच्या वेळी तिने झाकण उघडलं असेल तेव्हा तिला तो ट्रे दिसला असेल. कोपऱ्यांवरून तिलाही कळलं असेल. मग तुम्ही दोघं त्याच घरात, त्याच टेबलावर, एक अक्षर न बोलता जेवत राहिलात. आणि मी तुमच्या कोटाचे खिसे तपासत होते.

मी माफी मागायला बसलेली नाही. मागितली तर तुम्ही ‘असू दे’ म्हणाल आणि जिन्यातल्या दिव्याचं विचाराल. (लावून घेतला.) शिवाय माझा राग संपलेला नाही, तो नुसता जागा शोधतोय. तुमच्यावरही आहे. तुम्ही तिला ओरडायला हवं होतं. ट्रे कसला करून देता? खोकणाऱ्या बाईला कुणी ॲशट्रे करून देतं का? तुम्हाला वाटलं असेल, हिच्या डोक्यात अर्धी शाळा आहे, हिचं एवढं तरी हिच्यापाशी राहू दे. मला ते कळतं आणि त्याचा मला संतापही येतो.

आणि आई. हे तुम्हालाच लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. मला तिची किळस आली आहे. सिगारेटीची नव्हे. मी दारात उभी राहून तुम्हाला जाब विचारायचे आणि ती कीबोर्डवरून मान वर करायची नाही, त्याची. एवढी हुशार बाई, सगळ्या शाळेचा कोणता मास्तर कुठल्या तासाला कुठे, हे ठाऊक असलेली. तिला आपली मुलगी बापाला काय समजते आहे हे ठाऊक नव्हतं? होतं. तिने चालू दिलं. त्या पेन्सिलीवर मी इतकी वर्षं माया केली. आता ती हातात धरवत नाही. उद्या कदाचित धरवेल. आज नाही.

मी मशीन स्वच्छ केलं आहे. तो थर स्पिरिटने सुटतो, बोळा तपकिरी होतो, दुसरा घ्यायचा. बोळ्यांचा ढीग बघून वाटलं की हा तिचा श्वास आहे आणि मी तो केरात टाकते आहे. काल मशीन टीव्हीला जोडून नुसतंच चालू करून पाहिलं. माशाचा वास आला नाही. आईच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी खरखरली आणि सकाळची शाळा उमटली: वर्ग, तास, मास्तरांची आडनावं. सगळ्यात शेवटच्या वर्गाच्या शेवटच्या तासाला येऊन ते थांबलं. खाली तिने स्वतः लिहिलेली एक ओळ आली: “पुढचे माझ्याकडे.” मला वाटलं होतं मशीनच काहीतरी इंग्रजीत कुरकुर करत असेल. तिने ते मराठीत लिहून ठेवलं होतं.

दुपारची शाळा बघायची असेल तर कार्ड बसवायला हवं, आणि कार्ड बसवायचं तर ट्रेला तिथे जागा नाही. दोन्ही एका वेळी बसत नाही. तुम्ही तेव्हा खोटं बोलला नव्हतात. ट्रे घासून पुसून टेबलावर ठेवला आहे. कार्ड त्याच्या शेजारी आहे, कड खोडरबराने घासून तयार. दाब कसा द्यायचा ते दादाने लिहून दिलं आहे, मला जमेल. पण मी बसवणार नाही.

दादाला मी यातलं काही कळवलेलं नाही. ते तुम्ही ठरवा. तुम्ही कळवणार नाही हे मला दिसतंय. तुम्हाला तो तुमच्यासमोर न जेवता उठून गेलेला चालेल, पण त्याची आई त्याच्यापाशी होती तशी राहायला हवी. तुमची ती सवय मला आता ओळखू येते, आणि तिचाही मला वीट आला आहे.

एक मागते. तुमची बॅग भरून दाराशी आहे, वर स्क्रूड्रायव्हरांचा डबा आहे, असं दादाने लिहिलंय. ती बॅग घेऊन इकडे या. कवळी खिशात नको, तोंडात घालून या; मला माप घ्यायचं आहे. ट्रे तुमच्या हाताने बाजूला ठेवा आणि कार्ड तुम्हीच बसवा. आणि बसवून झालं की जाऊ नका.

कागद झाले आहेत, शब्द दिला आहे, मुलीवर भार नको, असं तुम्ही लिहाल. पत्र एका पानाचं असेल आणि शेवटी कुठल्यातरी दिव्याची किंवा कडीची चौकशी असेल. तरी मागते.

तुमची,
बाळ